सोळा नंबरवरची घोषणा

दाजी, मोहोळच्या हॉटेलात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं होतं. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. ते उत्तर दुरुस्त करायला माझ्याकडं चार वर्षं होती. तुमचं घर सात रस्त्याला, माझं तिथून चालत दहा मिनिटांवर. चार वर्षांत मी तुमच्याकडं किती वेळा चहा प्यायलो असेन याचा हिशेब नाही. तरी राहिलं ते राहिलंच. लिहिलेलं मेलेल्या माणसाला पोचतं असं मी वर्गात कधी शिकवलं नाही आणि मला ते पटतही नाही. पण आता गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय.

पेपरात तुमची बातमी आली. एस.टी.तले निवृत्त कर्मचारी, मागे पत्नी, मुलगा, सून. सगळं बरोबर होतं, फक्त तुमचा आवाज त्यात कुठंच नव्हता. सोलापूरच्या स्टँडवर ज्यांनी आयुष्यात एकदा तरी गाडीची वाट पाहिली, त्यांना तुमचं नाव माहीत नसेल, पण आवाज माहीत होता. चौकशीच्या खिडकीमागं बसून तुम्ही प्रत्येक गाडी तीनदा सांगायचात. कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीची गाडी असली की चौथ्यांदा, तुमच्या पदरचं, कन्नडमध्ये. साहेबांनी हटकलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हाताऱ्या बाया बसलेल्या असत्यात की साहेब. गाडी चुकली तर रातच्याला कुटं ऱ्हायच्या त्या?" स्वतः मैंदर्गीचे, त्यामुळं त्या बायांमध्ये तुम्हाला तुमचीच आई दिसत असणार.

आणि नुसता फलाट क्रमांक सांगून तुमचं कधी भागलं नाही. "तिकीट खिडकीच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीच्या पुढं, मागची काच फुटलेली गाडी." मी भूगोलाचा मास्तर. मला ते फार गावठी वाटायचं. मी म्हणायचो, "दाजी, मग फलाटाला नंबर दिलेत कशाला?" तुम्ही म्हणायचात, "नंबर तुमच्यासारख्यांसाठी. बाकीच्यांला खूण लागती." आपला वाद तो एवढाच. अक्काचं तुमच्याशी लग्न झालं त्या वर्षी सुरू झाला आणि कधी मिटला नाही. मला पहिली नोकरी मैंदर्गीच्या शाळेत लागली तेव्हा तुम्ही मला तुमच्या आईच्या घरी ठेवलंत आणि दोन वर्षं त्या माउलीनं मला भाकरी घातली. तिथंही शनिवारी आलात की हाच वाद, आकडा मोठा का खूण मोठी.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं तिच्यावर घडलं. स्टँडवरच्या तुमच्या माईकचं बटण जुनं होतं. सोडलं की भोंगा असा किंचाळायचा की फलाटावरची लेकरं रडायला लागायची. म्हणून तुम्ही बटण सोडायचाच नाहीत. पहिली घोषणा, दुसरी, तिसरी, मधल्या श्वासालाही अंगठा तसाच दाबलेला. शेवटी मान वळवून, माईक पोटाशी धरून हळूच सोडायचात. तीस वर्षांची सवय ती. आणि त्या माईकवरून उलट कोणी कधी काही बोललं नाही. तुम्ही सांगायचं, लोकांनी ऐकायचं.

मग अमोलच्या डोक्यात ती बोट आली. पोरगा पुण्यात कमावता झालेला, बाप निवृत्त झालेला, आईबापानं समुद्र धड बघितलेला नाही. त्यानं मालवणच्या बाजूला शिडाची एक बोट दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतली आणि मामा म्हणून मलाही ओढलं. बोटीचं नाव सारंगा. कप्तान गोव्याचा, मिंगेल नावाचा, पन्नाशीतला शांत माणूस. बोटीवर तो एकटाच जाणता, बाकी आपण चौघं सोलापूरकर. अक्कानं चढताना पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि दोन तास डोळे मिटून बसली.

निघण्याआधी मिंगेलनं आपल्याला केबिनमध्ये नेऊन रेडिओ दाखवला. भिंतीला डबा, त्याला वळणावळणाची वायर, वायरीच्या टोकाला मुठीत मावणारा माईक. "सोळा नंबर चॅनेल. सगळ्या बोटी, किनाऱ्यावरचं ठाणं, सगळे हे ऐकतात. मला काय झालं तर बटण दाबा आणि बोला. बोलून झालं की सोडा. सोडलं नाही तर तुम्हाला कायच ऐकू येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलता पण येणार नाही." तुमचे डोळे चमकले. अमोल हसला, म्हणाला, "हे खातं बाबांकडं." तुम्ही माईक हातात घेऊन तोलून बघितलात. मला मात्र शेजारचा पडदा आवडला. त्यावर नकाशा, आपली बोट आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश. बाणाची बटणं दाबली की त्यावर एक फुली हलायची आणि तिच्या जागेचे आकडे वेगळे दिसायचे. आयुष्यभर खडूनं काढलेल्या रेघा पहिल्यांदाच जिवंत बघत होतो. सकाळभर मी ती फुली पश्चिमेला समुद्रात ढकलत बसलो आणि अक्काला सांगत राहिलो की इथून सरळ गेलीस तर थेट आफ्रिका. मग दमून वर येऊन बसलो. फुली तिकडंच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा चढला. फेब्रुवारीत तिकडं दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडं जोराचा वारा सुटतो, ते मिंगेलनं सांगितलं होतं. आपण परतीला लागलो होतो. मिंगेल शीड उतरवायला उठला आणि बोट अशी काही कलंडली की शिडाच्या तळाचा आडवा दांडा सटकन या बाजूचा त्या बाजूला आला. कानामागं बसला त्याच्या. तो आडवा झाला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही फारसा. वारा चढल्यापासून अक्का पुन्हा डोळे मिटून बसली होती, तिनं ते उघडले ते त्याचं डोकं मांडीवर घेण्यासाठीच. पदर लावला, पदर लाल झाला, तिनं दुसरं टोक लावलं.

अमोलनं इंजिन चालू केलं. शिडाची सुटलेली दोरी पाण्यात लोंबत होती, ती बोटीखालच्या पंख्यात गेली आणि इंजिन गचकून बंद पडलं. शीड फटाफट वाजत होतं. किनारा, जो इतका वेळ चित्रासारखा लांब होता, तो आता जवळ येत होता. वाळू असती तर इतकं भ्यायलो नसतो. वाळूचा पट्टा बारका होता, त्याच्या पुढं काळे खडक होते आणि लाट आपटली की ते पांढरे होऊन पुन्हा काळे होत होते. मिंगेलनं एकदाच डोळे उघडले, "नांगर" म्हणाला आणि पुन्हा मिटले. अमोलनं पुढं जाऊन नांगर टाकला. तो तळाला लागला, क्षणभर बोट थांबली, आणि मग तोही घसरायला लागला. थांबायची, घसरायची. प्रत्येक घसरीला खडक मोठे दिसायचे. आपल्यातल्या कुणालाच पोहायला येत नव्हतं.

तुम्ही कधी खाली गेलात ते मला कळलं नाही. मी शिडीवरून उतरलो तेव्हा तुमचं सुरू होतं. माईक तोंडाशी, डोळे केबिनच्या बारक्या खिडकीतून बाहेर, आणि आवाज तोच, स्टँडवरचा. घाई नाही, कंप नाही.

"इकडे लक्ष द्यावे. सारंगा नावाची पांढरी बोट, एका शिडाची, निळा पट्टा. कप्तानाच्या डोक्याला मार लागलेला आहे. बोट खडकाकडे चाललेली आहे. बोटीवर पाच माणसं, त्यात एक बाई. समोर डोंगरावर मोबाईलचा टॉवर, टॉवरच्या खाली लाल कौलाचं एकटं घर. घराच्या उजव्या हाताला खडकावर भगवं निशाण. निशाण आणि वाळूच्या मधे आम्ही आहोत."

मग पुन्हा तेच, शब्द न बदलता. मग तिसऱ्यांदा. आणि मग, दाजी, तुम्ही कन्नड सुरू केलंत. "बर्री, लगू बर्री." या, लवकर या. मालवणच्या समुद्रात कन्नड. आणि तेवढ्यात माझं लक्ष तुमच्या अंगठ्याकडं गेलं. बटण दाबलेलं होतं. पहिल्यापासून दाबलेलंच होतं. कोणी उत्तर दिलं असतं तरी आपल्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. वर नांगर घसरल्याचा खरखराट, अक्काचं "देवा, देवा", आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून.

"दाजी, गप बसा की!" मी ओरडलो. "बटन सोडा! ऐकू द्या की जरा!" तुम्हाला ऐकू आलं नसावं, किंवा घोषणा अर्ध्यात सोडायची तुम्हाला सवय नव्हती. मी तुमच्या हातातून माईक हिसकला आणि खांद्यानं तुम्हाला ढकललं. तुम्ही बाकावर पडलात. चष्मा खाली गेला. घरच्या जावयाला, बापाच्या ठिकाणी असलेल्या माणसाला मी हात लावला होता. तुम्ही चष्मा शोधत बाकाखाली वाकलात.

मी बटण सोडलं तेव्हा रेडिओतून लगेच इंग्रजीत आवाज आला. किनाऱ्यावरचं ठाणं विचारत होतं, तुमची जागा सांगा. मी पडद्याकडं बघितलं आणि शिक्षकाच्या खणखणीत आवाजात आकडे वाचले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा वाचले. बोट पाठवतोय, म्हणाले. मी माईक हुकला लावला, आणि इतकं सगळं होऊनही मला आतून बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. खडकावरचे शिंपले दिसायला लागले होते. अमोल नांगराच्या दोरीला पायानं टेकू देऊन रडत होता, तो रडतोय हे त्याला कळत नव्हतं. तेव्हा दक्षिणेकडून मच्छीमारांची मोठी बोट आली. त्यांनी दोर फेकला, पहिला चुकला, दुसरा अमोलच्या छातीवर आला. दोर ताणला, सारंगा थरथरली आणि खडक मागं सरकायला लागले. अक्का तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

बंदराला लागल्यावर मिंगेलला दवाखान्यात नेलं. तो वाचला, सात टाके पडले. तुम्ही आणि अक्का त्याच्याबरोबर गेलात. मी त्या मच्छीमार बोटीच्या तांडेलाला, म्हणजे त्यांच्या मुख्य माणसाला, चहा पाजायला धक्क्यावर थांबलो. आणि तिथं, दाजी, त्यानं मला सांगितलं.

"तो म्हातारो बोलत होतो मां, तां आयकानच आमी इलों," तो म्हणाला. त्याच्याकडचे दोन खलाशी विजापूरकडचे. जाळं ओढताना त्यातल्या एकाला रेडिओवर कन्नड ऐकू आलं. समुद्रावर आपली भाषा कोण बोलतोय म्हणून त्यानं आवाज वाढवला. तोवर तुम्ही पुन्हा मराठीवर आला होतात. टॉवर, लाल कौलं, भगवं निशाण. तांडेलाला ती जागा घरच्या अंगणासारखी माहीत. त्यानं तुम्हाला दोनदा उत्तर दिलं, ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही. मग त्यानं उत्तराचा नाद सोडला, जाळं तरंगत सोडून दिलं आणि निघाला. "मागसून दुसरो कोण इंग्लिश बोललो," तो म्हणाला, "त्येनी सांगलल्या आकड्यावर गेलों असतो तर आमी भर समुद्रात. ठाण्याची बोट तकडेच गेली होती. मीच सांगलंय त्यांका, परत येवा, गावलीत म्हणान."

मी त्याला विचारलं, कुठला आकडा. त्यानं सांगितला. बहात्तर अंश.

दाजी, तो सगळा किनारा त्र्याहत्तर अंशांवर आहे. हे मी नववीच्या पोरांना तीस वर्षं पाठ करायला लावलं. मी वाचले ते आकडे आपल्या बोटीचे नव्हतेच. ते त्या फुलीचे होते, जी मीच आदल्या दिवशी आफ्रिकेच्या दिशेनं ढकलली होती. पडद्यावर दोन्ही आकडे होते, मी चुकीचे वाचले, तेही दोनदा. चष्मा शोधत बाकाखाली वाकलेल्या माणसानं आपल्याला वाचवलं होतं आणि ज्यानं त्याला ढकललं तो आपल्याला बुडवणार होता.

मी चहाचा कप ठेवला आणि दवाखान्याकडं निघालो. सांगायचंच होतं मला. वाटेत अमोल आला. त्यानं मला मिठी मारली, भर रस्त्यात. "मामा, तुम्ही नसता तर आज आम्ही नसतो," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. तेवढं एक मिनिट गेलं आणि त्यानंतर ते सांगणं रोज थोडं अवघड होत गेलं.

परत येताना पंढरपूरवरून मोहोळला थांबलो. तुमच्या पुढ्यातला चहा निवला. अमोल हात धुवायला गेला होता. तेव्हा तुम्ही विचारलंत, "मास्तर, त्या होडीवाल्यांनी कुनाचं ऐकलं रं? तुजं का माजं?"

तुम्ही भांडणाच्या सुरात नव्हतं विचारलंत. तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तीस वर्षं माईकवर बोललेला माणूस, ज्याला कधी उलट उत्तर आलं नाही, तो पहिल्यांदाच विचारत होता की माझं कुणाला पोचलं का.

मी म्हणालो, "माजं, दाजी. तुमचं बटन दाबलेलंच होतं की."

"आस्सं," तुम्ही म्हणालात. "बरं झालं बाबा. तू होतास म्हनून." आणि थंड चहा पिऊन टाकलात.

दुसऱ्या कुणी एवढ्यावर थांबलं असतं. मी नाही थांबलो. मला गोष्ट सांगायची हौस, आणि ही गोष्ट तर हुकमी. गल्लीत, शाळेत, नात्यात, जिथं चार माणसं जमली तिथं मी नाकातून तुमचा आवाज काढायचो. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, बुडणारी बोट फलाट क्रमांक सोळावर लागलेली आहे." लोक पोट धरून हसायचे. तुम्हीही हसायचात. दोन-तीनदा तर तुम्हीच म्हणालात, "सांग की रं ते बोटीचं." मला वाटायचं, म्हणजे तुम्हाला चालतंय. माणूस स्वतःवरचा विनोद स्वतःच का मागतो, हे मी आत्ता आत्ता समजायला लागलोय.

अमोलच्या लग्नात मात्र मला दिसलं. तुमच्या गल्लीतली तीस वर्षांतली झाडून सगळी लग्नं तुम्ही माईकवर लावलेली. मामांना बोलवायचं, मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना थोपवायचं, कुणाची चप्पल सापडली ते सांगायचं, सगळं तुम्ही. पोटच्या पोराच्या लग्नात कुणीतरी कौतुकानं तुमच्या हातात माईक दिला. तुम्ही तो तोंडाशी नेलात. मागून एक जण ओरडला, "फलाट क्रमांक सोळा!" आणि सगळा मांडव हसला. आदल्या दिवशी हळदीला मीच तो किस्सा रंगवून सांगितला होता. तुम्ही हसत हसत माईक खाली ठेवलात आणि म्हणालात, "घसा बसलाय." तुमचा घसा बसलेला नव्हता. त्यानंतर तुम्ही कुठल्याच कार्यक्रमात माईक धरला नाहीत. गणपतीच्या मंडळाचे लोक घरी आले तरी नाही म्हणालात. "आता ते जमत न्हाय मला. आपलंच बोलत बसतो आन् म्होरच्याचं ऐकत न्हाय." हे वाक्य तुमचं नव्हतं, दाजी. मी ओरडलो होतो तेच तुम्ही जपून ठेवलं होतंत.

मग दवाखाना. शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुमच्याजवळ एकटा होतो. अक्का डबा आणायला घरी गेली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती वरखाली, यंत्राचा टिकटिक आवाज. मी ठरवून आलो होतो. पायऱ्या चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण तोंड उघडलं की यंत्रावरच्या आकड्यांकडं लक्ष जायचं. आता सांगितलं आणि यांना धक्का बसला तर? या भीतीचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू. तेवढ्यात तुम्हीच डोळे उघडलेत. माझ्याकडं बघितलंत आणि हातानं मास्क खाली ओढलात. "मास्तर, एक इचारू का," असं काहीतरी पुटपुटलात. मला वाटलं, आलं. मोहोळचा प्रश्न पुन्हा आला. मी तुमचा हात धरला, मास्क परत तोंडावर बसवला आणि म्हणालो, "बोलू नका दाजी. तरास हुईल."

तुम्ही ऐकलंत. माझं तुम्ही नेहमीच ऐकत आलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. काय विचारणार होतात ते मला कधीच कळणार नाही. कदाचित पाणी हवं असेल. पण मी तुम्हाला काळजीपोटी गप्प केलं नाही, मी घाबरून केलं, आणि ते दुसऱ्यांदा केलं.

तेराव्याला तुमच्या दारात मांडव होता. रिवाजाप्रमाणं चार जण बोलले. स्टँडवरचे जुने कंडक्टर आले होते, मैंदर्गीहून दोन जीप भरून माणसं आली होती. माझी पाळी आली तेव्हा मी माईक घेतला आणि सगळं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. खुणा तुमच्या, कन्नड तुमचं, खलाशी, तांडेल, बहात्तर अंश, फुली, मोहोळ. मी म्हणालो, "आमच्या दाजींनी आमाला वाचवलं, आणि मी चार वर्षं त्यांचं श्रेय खाल्लं. वर त्यांच्यावरच हसलो." मला वाटलं, आता लोक तोंडावर थुंकतील, आणि खरं सांगतो, थुंकले असते तर हलकं वाटलं असतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, दाजी. तेराव्याला टाळ्या. एक जुने कंडक्टर डोळे पुसत जवळ आले आणि माझा हात धरून म्हणाले, "लई मोठं मन लागतंय गुरुजी ह्याला. मेलेल्या मान्साला एवढा मोठेपना कोन देतंय आजकाल." मी म्हणालो, अहो, हे खरं घडलंय. ते म्हणाले, "व्हय, व्हय, कळतंय की." अमोल माझ्या पाया पडला. "मामा, बाबांचा मान राखलात," म्हणाला. मी त्याला खांद्याला धरून सांगितलं, अरे मान राखायला नाही बोललो, मी चुकीचे आकडे वाचले होते. तो केविलवाणं हसला आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही जेवून घ्या. दमलाय तुम्ही." पहिली गोष्ट मी चार वर्षं इतकी घोटून सांगितली होती की दुसरी आता कुणाच्या गळी उतरेना. जे तुमचं परत द्यायला गेलो होतो, त्यानं माझाच मोठेपणा आणखी वाढला.

मी आत गेलो. अक्का मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला समोर बसायला सांगितलं नाही. बाहेरचा भोंगा आतपर्यंत ऐकू येत होता, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

"मोहोळात त्यांनी इचारलं तवा मी शेजारीच बसली होती," ती म्हणाली.

"व्हय, अक्का."

"तवा तुला ठावं होतं?"

"व्हय."

तिनं मान हलवली. ती हातातल्या नॅपकिनच्या घड्या घालत होती. "घरी आल्यावर मला म्हनले होते," ती म्हणाली, "मी आपलं उगीच वरडत बसलो गं, मास्तरनं वाचवलं. आपल्याला आता कळत न्हाय, वय झालं." मग ती उठली, माझ्या बाजूनं गेली आणि पाहुण्यांना वाढायला लागली. माझ्या पानापाशी आली, वाढलं आणि पुढं सरकली.

त्याला आठ दिवस झाले. फोन केला तर अमोलची बायको उचलते आणि सासूबाई झोपल्यात म्हणते. काल सात रस्त्यावर अक्का भाजीच्या गाड्यापाशी दिसली. मी हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागली. अख्ख्या सोलापुरात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच निघाली, दाजी, आणि ती आता माझ्याशी बोलत नाही.